नर्मदाकाठचं गवत आणि त्यातले रहिवासी

(भेडाघाट येथील स्मृतिव्याख्यानमालेत कोजागिरीच्या आधीच्या आठवड्यात दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या मालेत आजवर इतिहास झाला, संगीत झालं, संतवाङ्मय झालं. नाकतोडे आणि रातकिडे हा विषय मी कळवला, आणि संयोजकांनी तो जसाच्या तसा पत्रिकेवर छापला. त्यांचे मनापासून आभार. ज्यांनी आयुष्यभर मुलांना वर्गाबाहेर काढून नदीकाठी शिकवलं, त्यांच्या स्मरणाला हा विषय शोभतो अशी माझी श्रद्धा आहे.

भेडाघाटला येणारा माणूस धुवांधार धबधबा बघतो, नावेत बसून संगमरवराचे कडे बघतो, पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या देवळात जातो आणि परततो. या सगळ्याच्या मधे जे पसरलेलं असतं, ते गवत, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मला आज त्या गवताविषयी आणि त्यातल्या रहिवाशांविषयी बोलायचं आहे.

सुरुवात दगडापासून करते. इथून जवळ, जबलपूरच्या वाटेवर, लमेटाघाट आहे. त्या घाटाचं नाव भूशास्त्रज्ञांनी खडकांच्या एका अख्ख्या थराला दिलं: लमेटा. हाच थर जबलपूरपासून गुजरातेपर्यंत आणि खाली विदर्भापर्यंत तुकड्यातुकड्यांनी सापडतो. विल्यम स्लीमन, ज्याला आपण ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखतो, त्याला 1828 मध्ये जबलपूरच्या टेकडीवर मोठी हाडं मिळाली. त्यांच्यावरून जीवाश्मशास्त्रज्ञ लायडेकरने 1877 मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. आशियातला हा डायनोसॉरचा पहिला शोध. ही गोष्ट इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिचा पुढचा भाग मात्र आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात घडला आणि तो कमी लोकांना माहीत आहे.

वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या लमेटा थरात डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ती विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा तिच्यात गवत निघालं. गवताच्या पेशींत सिलिकाचे बारीक कण तयार होतात. पातं कुजलं तरी ते कण टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून गवत ओळखता येतं. हे संशोधन 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर असं मानलं जात होतं की डायनोसॉर गेल्यानंतर पुष्कळ काळाने गवत पसरलं. पिसदुऱ्याने तो समज मोडला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भूमीवर गवत होतं आणि ते चरलं जात होतं.

मग नाकतोडा कधीचा? त्याच्या कुळाचे जीवाश्म सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. म्हणजे नाकतोड्यांचं कूळ गवताहून जुनं, डायनोसॉरहूनही जुनं. गवत आलं तेव्हा हे कीटक आधीपासून हजर होते. त्यांतल्या कित्येकांनी नंतर गवताशी जमवून घेतलं. सिलिकामुळे गवताचं पातं धारदार होतं, आपलं बोट कापतं. ते चघळायला गवत खाणाऱ्या टोळांचे जबडे आखूड, जाड आणि छिन्नीसारखे झाले. आणि तरीही वय वाढेल तसे झिजतात.

या कुळाला शास्त्रात ऑर्थोप्टेरा म्हणतात. जगात याच्या 28 हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत, भारतात हजारावर. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं मध्य विभागीय केंद्र 1960 पासून जबलपुरात आहे. मध्य प्रदेशातल्या या कीटकांच्या याद्या तिथे तयार झाल्या. कैलाश चंद्र, सुनील कुमार गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने ते काम केलं. एखाद्या प्रदेशाची जातींची यादी वाचायला रूक्ष असते, हे मला मान्य आहे. पण यादी नसेल तर पुढे काय नाहीसं झालं हे सांगायला कोणी उरत नाही.

कुळाच्या दोन शाखा आहेत आणि त्या ओळखणं अगदी सोपं आहे. मिशा पाहा. मिशा आखूड असतील तर तो टोळ किंवा गवतातला साधा नाकतोडा. तो बहुधा दिवसा वावरतो. मिशा शरीराहून लांब, केसासारख्या असतील तर तो रातकिडा, किंवा पानासारखे पंख असलेला हिरवा नाकतोडा. हे बहुधा रात्रीचे. आवाज काढण्याची रीतही वेगळी. टोळांतले अनेक जण मागची मांडी पंखावर घासतात. रातकिडे आणि हिरवे नाकतोडे एक पंख दुसऱ्यावर घासतात. एका पंखाखाली दातेरी शीर असते, दुसऱ्याची कड तिच्यावरून फिरते, कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवावं तशी. रातकिड्याचा उजवा पंख वर असतो, हिरव्या नाकतोड्याचा डावा. कानही वेगळ्या ठिकाणी: टोळाचा कान पोटाच्या पहिल्या वलयावर, रातकिड्याचा पुढच्या पायावर, गुडघ्याच्या खाली. गाणारे जवळजवळ नेहमी नर असतात.

इथल्या शेताच्या कडेला रुईवर एक मोठा टोळ तुम्ही पाहिला असेल, पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा. जनावरं रुईला तोंड लावत नाहीत, कारण तिचा चीक विषारी. हा टोळ तीच पानं खातो, ते विष अंगात साठवतो आणि कोणी धरलं तर त्याची पिचकारी उडवतो. तो भडक रंग म्हणजे पक्ष्यांना दिलेली ताकीद आहे.

पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो झाडावरचा फिकट, नाजूक रातकिडा. शास्त्रीय नाव इकॅन्थस. त्याची हेन्री नावाची जात दक्षिण भारतात रानतुळशीच्या झुडपांवर राहते. रानतुळस म्हणजे अमेरिकेतून आलेली ती उग्र वासाची झुडपं, जी आता आपल्याकडे रस्त्याच्या कडेला सगळीकडे माजली आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या रातकिड्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. या जातीतले काही नर पानाला भोक पाडतात, त्यात बसतात आणि पंख पानाच्या पृष्ठभागाला टेकवून गातात. त्यामुळे पंखाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या ध्वनिलहरी एकमेकींना मारत नाहीत आणि आवाज कितीतरी मोठा होतो. पान मोठं निवडायचं, भोक पानाच्या मध्याजवळ पाडायचं, आणि ते आपल्या पंखाच्या मापाचं करायचं, हे सगळं तो न शिकता अचूक करतो. हे संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे 2020 मध्ये कळलं की ही युक्ती अंगाने लहान आणि आवाजाने क्षीण असलेले नर अधिक वापरतात. ज्याला जन्मतः मोठा आवाज मिळाला नाही, त्याने तो पान कुरतडून मिळवला. इतक्या लहान जिवात एवढी कारागिरी आहे, हे समजल्यापासून मी रानतुळशीच्या झुडपाजवळून घाईने जाऊ शकत नाही.

याच गटाचं आणखी एक काम सांगते. नर गातो म्हणून त्याच्या जिवाला धोका, मादी मुकी म्हणून सुरक्षित, असं आपण समजतो. एका जातीची कीटकभक्षी वटवाघळं पकडलेला किडा आपल्या वसतीत नेऊन खातात आणि पंख खाली टाकतात. ते पंख गोळा करून पाहिले तेव्हा माद्यांचे जास्त निघाले. आवाजाच्या दिशेने मादीला अंधारातून उडत जावं लागतं, आणि उडताना ती सापडते. 2015 मध्ये हे छापून आलं. शरदातल्या रात्री आपण जे ऐकतो ते नराचं असतं. तिच्या प्रवासाचा मात्र काहीच आवाज नसतो.

आता धुवांधारकडे वळू. तिथे इतका घनगंभीर नाद असतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. मग तिथल्या रातकिड्याचं काय? पाण्याच्या नादाचा जोर खालच्या स्वरांत अधिक असतो, आणि बहुतेक रातकिडे सेकंदाला 3 ते 8 हजार कंपनांच्या पट्टीत गातात. त्यामुळे पाण्याच्या वर त्यांना थोडी जागा मिळते. माणसाने केलेल्या गोंगाटाशीही हे कीटक जमवून घ्यायला पाहतात. जर्मनीत हमरस्त्याकडेच्या टोळांची गाणी शांत जागेतल्या त्याच जातीच्या टोळांशी ताडून पाहिली, तेव्हा रस्त्याकडेचे टोळ खालचे स्वर चढवून गात होते. हा अभ्यास 2012 चा. जमवून घेण्यालाही मर्यादा असतेच, हे वेगळं सांगायला नको.

नर्मदा परिक्रमेची वाट याच काठावरून जाते. महाराष्ट्रातून किती माणसं ती चालायला येतात, ते तुम्ही इथे रोज पाहता. गो. नी. दांडेकरांच्या पुस्तकाने तीन पिढ्यांना या नदीची ओढ लावली. परिक्रमावासी आषाढी ते कार्तिकी चातुर्मासात एका जागी थांबतात. पूर, चिखल, तुटलेल्या वाटा ही कारणं आहेतच. पण या थांबण्यामागे आणखी जुना विचार आहे. बौद्धांच्या विनयग्रंथात वर्षावासाचा नियम कसा आला याची हकीकत आहे. लोकांनी तक्रार केली की हे श्रमण पावसातही हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, बारीक जीव मारतात. त्यावर बुद्धाने भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितलं. जैन साधूंचा चातुर्मासही अहिंसेवरच उभा आहे.

कीटकांच्या बाजूने पाहा. मातीत घातलेली अंडी पहिल्या पावसानंतर फुटतात. आषाढ-श्रावणात बिनपंखांची पिल्लं गवतात असतात, कात टाकत वाढतात, आणि भाद्रपद-आश्विनात बहुतेकांना पंख येतात. गाण्याचा भर तेव्हाचा. पुढे माद्या अंडी घालतात, आणि थंडी पडू लागली की काठ हळूहळू गप्प होतो. ज्या चार महिन्यांत आपल्या पूर्वजांनी पाऊल आवरलं, ते बरोबर या जिवांच्या वाढीचे महिने आहेत. हा नियम करणाऱ्यांनी गवत जवळून पाहिलं होतं, असंच मी म्हणेन.

तुमच्यातले शेतकरी आता विचारतील की टोळांचं कौतुक कशाला, ते पीक खातात. प्रश्न रास्त आहे. मे 2020 मध्ये राजस्थानातून वाळवंटी टोळांचे थवे मध्य प्रदेशात उतरले, तिथून अमरावतीत मोर्शी-वरूडला, पुढे नागपूर जिल्ह्यात काटोलला. संत्र्याच्या बागांत लोकांनी थाळ्या वाजवल्या, रात्री अग्निशमनाच्या गाड्यांनी औषध फवारलं. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात आठ कोटींपर्यंत टोळ असू शकतात आणि ते एका दिवसात 35 हजार माणसांचं अन्न फस्त करतात, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा हिशेब आहे. घरच्या पिकावर ते उतरलेले ज्याने पाहिले, त्याला मी गवताच्या सौंदर्याच्या गोष्टी सांगणार नाही.

पण थव्यातला टोळ आणि एकटा फिरणारा टोळ एकाच जातीचे असतात, हे 1921 मध्ये कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्हने दाखवलं. एकटा असतो तेव्हा तो दुसऱ्यापासून दूर राहतो. गर्दीत मागच्या पायांना सारखा स्पर्श होत राहिला की दोन-तीन तासांत त्याचा स्वभाव पालटतो, तो कळपाकडे ओढला जातो. आणि या पालटामागे सेरोटोनिन हे रसायन असतं, हे 2009 मध्ये सिद्ध झालं. माणसाच्या मनःस्थितीशीही याच रसायनाचा संबंध आहे.

आपल्या महाराष्ट्राचाही एक टोळ आहे, शास्त्रात त्याला मुंबईचाच टोळ म्हणतात. 1901 ते 1908 या काळात त्याने मुंबई इलाख्यात धुमाकूळ घातला. लेफ्रॉय या कीटकशास्त्रज्ञाने 1906 मध्ये त्याच्यावर सविस्तर ग्रंथिका लिहिली. हिवाळा सह्याद्रीच्या रानात काढायचा, पावसाच्या तोंडाला पसरून अंडी घालायची, वर्षाला एकच पिढी. 1908 नंतर त्याचा थवा भारतात उठलेला नाही. तो नाहीसा झाला नाही. एकेकटा अजून सापडतो.

नाहीसा झाला तो अमेरिकेतल्या रॉकी पर्वताचा टोळ. 1875 मध्ये नेब्रास्कातल्या आल्बर्ट चाइल्ड या डॉक्टरने तारायंत्राने आसपासच्या गावांकडून माहिती मागवून त्याच्या एका थव्याचा विस्तार काढला. तो भरला सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर, आजच्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. आणि 1902 नंतर त्या जातीचा एकही जिवंत कीटक कोणाला मिळाला नाही. तीस वर्षांच्या आत एवढी अफाट जात संपली. का संपली, याचं सर्वांत पटणारं उत्तर कीटकशास्त्रज्ञ जेफ्री लॉकवुड यांनी दिलं. थवे नसत तेव्हाच्या वर्षांत हा टोळ डोंगरातल्या नदीखोऱ्यांतच उरे, तिथल्या काठाच्या मातीत अंडी घाली. वसाहतवाल्यांनी नेमके तेच काठ नांगरले, तिथे पाणी फिरवलं, गुरं सोडली. टोळ मारण्यासाठी कोणी हे केलं नव्हतं. एक चिंचोळा नदीकाठ बदलला, आणि त्याच्याबरोबर सगळी जात गेली.

मी भेडाघाटला येऊन हे सांगते आहे ते एवढ्यासाठीच. नदीचा काठ लांबीला मोठा दिसतो, रुंदीला तो काही पावलांचाच असतो. त्यात अंडी असतात, पिल्लं असतात, पुढच्या वर्षाचं सगळं असतं. उत्तर भारतातल्या नद्यांच्या वाळूत एक दांडगा कीटक राहतो, शायझोडॅक्टिलस मॉन्स्ट्रोसस. रातकिड्याचा चुलतभाऊ म्हणा. त्याच्या पंखांची टोकं घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असतात, आणि वाळूत रुतू नये म्हणून पावलांना पसरट फाटे असतात. दिवसभर तो वाळूतल्या बिळात असतो, रात्री शिकारीला निघतो. तो वाळू सोडून कुठेच जगत नाही. ट्रकमधून वाळू नेताना आपण घरांचं बांधकाम साहित्य नेतो, आणि अशा जिवांचं घरही नेतो. नर्मदेवर वाळूचा उपसा किती चालतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वर बरगीचं धरण 1990 मध्ये पूर्ण झालं. त्यातून सोडलेल्या पाण्याने काठाची पातळी ऋतूप्रमाणे न राहता सोडण्याप्रमाणे हलते. काठाला आता दोन्ही बाजूंनी ताण आहे.

आणि या कीटकांवर जगणारे किती! भोरड्यांचे थवे, गायबगळे, चास, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या ससाणे. रतलामजवळच्या सैलानाच्या माळावर पावसाळ्यात उंच उड्या मारणारा खरमोर, नान्नजचा माळढोक. या पक्ष्यांसाठी अभयारण्यं केली. ते खातात काय, हे आपण क्वचित विचारलं. 1762 मध्ये फ्रेंचांनी टोळांवर उपाय म्हणून भारतातून साळुंक्या नेऊन मॉरिशसमध्ये सोडल्या. आज तिथे मराठी कुटुंबं आहेत आणि त्यांच्या अंगणात त्याच साळुंक्यांचा वंश आहे. एका देशातून दुसऱ्या देशात कीड खाणारा प्राणी मुद्दाम नेल्याचं हे जगातलं अगदी सुरुवातीचं उदाहरण.

शेतकऱ्यांना एवढंच सुचवेन: भातावरचा टोळ बांधाच्या मातीत अंडी घालतो. उन्हाळ्यात बांध खरवडले, शेत खोल नांगरलं, की ती अंडी उन्हाने आणि पक्ष्यांनी संपतात. शेतात हे जरूर करा. नदीच्या काठावर करू नका. काठावरचं गवत जाळणं तर मुळीच नको.

कोजागिरी आता आठवड्यावर आली. याच दिवसांत इथे नर्मदा महोत्सव असतो, चांदण्यात कडे पाहायला हजारो लोक येतात. याच दिवसांत रातकिड्यांचाही भर असतो. दिव्यांचं या जिवांवर काय होतं, ते 2019 च्या उन्हाळ्यात लास व्हेगासमध्ये दिसलं. शहराच्या झगमगाटाकडे टोळ ओढले गेले. 27 जुलैच्या रात्री हवामानाच्या रडारवर त्यांची संख्या साडेचार कोटींच्या वर भरली. दिव्याभोवती फिरणारा किडा खात नाही, अंडी घालत नाही, आणि सकाळी पायाखाली जातो. संगमरवराला चंद्राचा प्रकाश पुरतो. लोक त्यासाठीच येतात.

आणखी एक मागणं आहे, आणि ते तुम्हा-आम्हा वयस्करांकडे. कुद्रेमुखच्या जंगलात रोहिणी बालकृष्णन आणि स्वाती दिवाकर यांच्या गटाने दाखवलं की सराव केलेला माणूस नुसत्या कानाने रातकिड्यांच्या जाती अचूक वेगळ्या करू शकतो. त्या कामात कान यंत्राच्या मागे पडला नाही. मात्र वय वाढतं तसा आपला कान वरचे स्वर आधी गमावतो. साठी उलटलेल्यांना काही हिरव्या नाकतोड्यांचं गाणं ऐकूच येत नाही. आपल्याला काठ शांत वाटतो तेव्हा तो शांत असेलच असं नाही. म्हणून नातवंडांना बरोबर न्या. त्यांना विचारा, किती वेगवेगळे आवाज येतात. मोबाईलवर ते टिपा, तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा, आणि दरवर्षी त्याच जागी पुन्हा जा. जबलपूरच्या सर्वेक्षण केंद्राकडे जातींच्या याद्या आहेत; कोणत्या काठावर कोणत्या वर्षी कोण गात होतं, ही नोंद इथे राहणाऱ्यांनाच ठेवता येईल.

भेडाघाटच्या नागरिकांना, घाटावरच्या दुकानदारांना आणि हॉटेलवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. काठावरचं गवत कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कापू नका आणि कधीच पेटवू नका. येत्या कोजागिरीला नदीकडे तोंड केलेले मोठे दिवे रात्री दहा वाजता बंद करा.